सावकाश, पण तारखेला

कामशेत सोडून पवनानगरच्या रस्त्याला लागलं आणि द्रुतगती मार्ग मागे पडला, की मावळाचे दोन रंग दिसायला लागतात. एक कापणी झालेल्या भातखाचरांचा, जानेवारीत वाळून करडा-पिवळा पडलेला. दुसरा पॉलिहाऊसच्या प्लास्टिकचा, दुधी. उजव्या हाताला विसापूरची रांग, पुढे तिकोन्याचं टोक आणि मधल्या सपाटीवर ही दुधी छपरं एकाला एक लागून. चाळीस वर्षांपूर्वी इथून जाणाऱ्याला शेतात भाताशिवाय फारसं काही दिसलं नसतं. आता जानेवारी सरत आला, की दादरच्या फूलबाजारापासून हॉलंडपर्यंतची माणसं मावळात यंदा थंडी किती पडली याची चौकशी करू लागतात.

मलाही थंडीचीच चौकशी करायची होती. बाजारात दोन फुटी सरळ दांड्याचा, घट्ट भरलेल्या कळीचा गुलाब मिळतो आणि आपल्या गॅलरीतल्या कुंडीत काही केल्या तसा येत नाही. त्यावर खत, औषध, परदेशी जात अशी नेहमीची उत्तरं मिळतात. पवना धरणाच्या अलीकडे वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस असलेल्या एका शेतकऱ्यानं मात्र फोनवर वेगळंच सांगितलं. "ताई, गुलाब रात्री बघायचा असतो. दिवसा आलात तर फुलं बघून जाल. मुक्कामालाच या." मावळात मुक्कामाचं आमंत्रण नाकारलं तर लोक रागावतात, म्हणून दुपारीच निघाले.

वाटेत बऊरचा फाटा लागला. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी इथे आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. गुलाबाच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. पण या खोऱ्यातलं भात असो की गुलाब, सगळं याच पाण्यावर उभं आहे, आणि इथल्या कुणाशीही पाण्याबद्दल बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला बऊर येतंच.

पोचले तेव्हा साडेचार वाजत होते. दादा, म्हणजे फोनवरचे ते शेतकरी, पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे खाली घेत होते. पडदा म्हणजे जाड प्लास्टिकच. पाइपाला गुंडाळलेला असतो आणि हँडल फिरवलं की हळूहळू उतरतो. उन्हं डोंगराआड जायच्या आत पडदे पाडायचे, म्हणजे दिवसभर मातीत आणि हवेत साठलेली ऊब काही वेळ तरी आत राहते. एक बाजू पूर्ण बंद झाली. दुसरी त्यांनी जमिनीपर्यंत नेली आणि मग दोन विती पुन्हा वर घेतली. मी विचारलं, "ही उघडी का?"

"ऊब कोंडायची, पण दमट हवा नाही कोंडायची," ते म्हणाले. "पूर्ण बंद केलं तर पहाटे प्लास्टिकच्या आतून पाणी ठिबकतं. ते पानावर पडलं की डावणी, म्हणजे पानावरची बुरशी, आलीच म्हणून समजा. पूर्ण उघडं ठेवलं तर कळी गारठते. यातलं रोज काय करायचं ते कुठल्या पुस्तकात नाही. रोज संध्याकाळी आभाळाकडे बघायचं आणि ठरवायचं."

पुस्तकात काही आकडे असतात, आणि ते त्यांना पाठ होते. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाचं हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे त्यांनी सुरुवातीला शिक्षण घेतलं, तसं मावळातल्या बऱ्याच जणांनी घेतलंय. दिवसा २४ ते २८ अंश, रात्री १५ ते १८, हवेतली आर्द्रता ६० ते ७० टक्के, भरपूर ऊन पण थेट भाजणारं नाही. सांगायला सोपं. सगळी मेख रात्रीच्या आकड्यात आहे. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि रात्री त्यातली काही श्वासोच्छ्वासात खर्च करतं. रात्र उकाड्याची असेल तर हा खर्च वाढतो, कळीच्या वाट्याला कमी उरतं आणि तीही घाईनं फुलते. एप्रिल-मेमध्ये इथेच, याच झाडांवर, कळी पाच-साडेपाच आठवड्यांत तयार होते. दांडा बारीक, कळी आखूड, पाकळ्या कमी. रात्र थंड असली की तीच कळी सात आठवडे घेते आणि तेवढ्या काळात भरत जाते, दांडा जाड होतो, रंग दाट होतो. मोठा गुलाब म्हणजे सावकाश वाढलेला गुलाब, एवढंच त्याचं गुपित.

जगात जिथे जिथे नावाजलेला गुलाब होतो तिथे ही सावकाशी उंचीनं दिलेली आहे. केनियातलं नैवाशा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर. दिवस बाराही महिने जवळपास बारा तासांचा, ऊन सरळ आणि रात्री गार. इक्वेडोरमधलं कायांबे तर २,८०० मीटरच्या आसपास. तिथे एक कळी तयार व्हायला अडीच महिन्यांच्या पुढे लागतात आणि तिथल्या गुलाबांचा आकार जगभर ओळखला जातो. युरोपात हीच हवा काचघरात तयार करतात. गॅस जाळून ऊब, दिवे लावून ऊन. त्याचा खर्च परवडेना तशी बरीच गुलाबशेती केनिया आणि इथिओपियाकडे सरकली. आपला मावळ या सगळ्यांपुढे ठेंगणा. तळेगावच्या बाजूला उंची जेमतेम साडेसहाशे मीटर. मावळाला थंड रात्री मिळतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच. पण नेमक्या त्याच महिन्यांत जगाला गुलाब हवा असतो. मुंबईचा विमानतळ आणि दादर दोन-तीन तासांवर, पुण्याची गुलटेकडी त्याहून जवळ. निसर्गानं जे थोडं दिलं ते बरोबर मोक्याच्या वेळी दिलं, एवढ्यावर हे सगळं उभं आहे.

रात्री जेवायला इंद्रायणीचा भात होता, गिचका आणि वासाचा. दादांचे वडील, आप्पा, आधी भातच करायचे. गुलाबाबद्दल त्यांचं मत अजून पक्कं झालेलं दिसलं नाही. "भाताला पाणी साठवायचं आणि याला साठू द्यायचं नाही," ते म्हणाले. "त्याच जमिनीत. आयुष्यभर बांध घातले, आणि ह्यानं पहिलं काम काय केलं, तर पाणी बाहेर काढायला चर खणले."

आप्पांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. खाचराची माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. भाताला तीच हवी. गुलाबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, म्हणून त्या मातीत लावणच करत नाहीत. बाहेरून ट्रकनं लाल माती आणायची, तिच्यात कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळायचं, आणि खाचराच्या तळावर दीड फूट उंचीचे बेड बांधायचे. भाताचं तूस एवढाच काय तो जुन्या पिकाचा नव्याशी उरलेला संबंध. मग मातीचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आणायचा, क्षार तपासायचे. पाणी आणि खत दोन्ही ठिबकमधून, रोज, मोजून. एका बेडवर रोपांच्या दोन ओळी, चौरस मीटरला साधारण सात झाडं, म्हणजे एकराला अठ्ठावीस हजारांच्या घरात. रोप कलमाचं असतं. खाली नताल ब्रायर नावाच्या रानटी गुलाबाचं मूळ, वर हव्या त्या जातीचा डोळा. एकदा लावलं की पाच-सहा वर्षं निघतात. त्या पाच-सहा वर्षांत माती बदलता येत नाही, म्हणून बेड भरताना केलेली कंजुषी शेवटपर्यंत नडते.

पहाटे पाचला बाहेर पडलो. खोऱ्यात धुकं बसलेलं होतं आणि दादांच्या टॉर्चच्या उजेडात ते वाहताना दिसत होतं. पॉलिहाऊसला दोन दारं. पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि मधल्या जागेत औषधाच्या पाण्यात पाय बुडवून पुढे जायचं. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की गुलाबाचा वास नाही. ओल्या मातीचा होता, थोडा गंधकाचा होता. भुरी नावाच्या बुरशीसाठी गंधक वापरतात, तो. टिकाऊपणा, लांब दांडा आणि रंग यांच्या मागे लागताना पैदासकारांच्या हातून सुगंध निसटला, असं म्हणतात. हार-गजऱ्यातल्या देशी गुलाबाची सवय असलेल्या माणसाला हजारो कळ्यांमध्ये उभं राहून वास न येणं जरा विचित्रच वाटतं.

कळ्यांच्या उंचीवर, सावलीत, थर्मामीटर टांगलेला होता. रात्रीत सगळ्यात खाली आणि दिवसा सगळ्यात वर पारा कुठे गेला ते धरून ठेवणारा. जमिनीलगत टांगला तर वेगळं सांगतो, छताजवळ वेगळंच, म्हणून कळीजवळ. आतलं किमान तापमान होतं १२. बाहेरच्या पडवीतल्या थर्मामीटरवर ९. प्लास्टिकनं एवढीच तीन अंशांची मदत केली होती.

"पंधरा हवेत ना?" मी म्हटलं.

"हवेत. जानेवारीत इथे कुणाला मिळत नाहीत. हीटर लावायचा म्हटला तर सगळा हंगाम त्याच्यातच जाईल." त्यांनी टॉर्च एका लाल कळीवर धरला. बाहेरच्या पाकळ्यांच्या कडेला काळपट रेघ आली होती, पेनानं ओढावी तशी बारीक. "ही बघा. थंडी जास्त झाली की लाल फुलाला अशी कड येते. फूल आतून चांगलं आहे, टिकेल पण. एक्सपोर्टला मात्र बाद."

शेजारच्या ओळीत आणखी एक नमुना दाखवला. कळी वरून चपटी, निमुळती व्हायच्याऐवजी रुंद पसरलेली, आत पाकळ्यांची दोन-तीन वेगवेगळी केंद्रं. याला ते बुलहेड म्हणतात. कळी अगदी लहान असताना तीन-चार रात्री फार गार गेल्या, की असं होतं. ज्या थंडीनं फूल भरतं तीच दोन-तीन अंश पुढे गेली की ते बिघडवते. चांगल्या आणि वाया गेलेल्या गुलाबातलं अंतर एवढंच, आणि ते राखण्यासाठी या माणसाच्या हातात काय, तर पडदे आणि हँडल.

उजाडायला लागलं तशा गावातल्या बायका कामाला आल्या. त्यांच्यापैकी एका मावशींबरोबर मी तासभर बेडमधून फिरले. गुलाबाच्या बेडमध्ये नवख्याला आधी हेच कळत नाही, की निम्मं झाड आडवं का पडलंय. वर सरळ, एकेक कळी घेऊन उभे असलेले दांडे, आणि खाली दोन्ही बाजूंना वाटेवर वाकवून पाडलेल्या पानांचा दाट थर. याला बेंडिंग म्हणतात. ही पद्धत जपानमधून आली. बारीक, कमजोर, कळी न धरणाऱ्या फुटी कापून टाकत नाहीत, वाकवतात. त्यांची पानं ऊन घेत राहतात आणि झाडाला पोसतात, आणि वाकवलेल्या जागेच्या खालून जोमदार नवी फूट वर येते. तिच्यावरच पहिल्या प्रतीचं फूल.

मावशींनी करून दाखवलं. फूट अंगठ्यानं खालून दाबून धरली, दुसऱ्या हातानं किंचित पिळली आणि वाटेकडे वाकवली. करकर असा बारीक आवाज आला, पण मोडली नाही. साल तशीच राहिली, आतलं लाकूड तेवढं चेपलं. "तुटली तर पानं वाळली. नुसती वाकली तर दुसऱ्या दिवशी परत उठून बसती," त्या म्हणाल्या. मी एका फुटीवर हात टाकला, तेव्हा त्यांनी हसून ती माझ्या हातातून काढून घेतली. सकाळी झाड पाण्यानं भरलेलं असतं आणि फूट लगेच मोडते, म्हणून खरं बेंडिंग दुपारी उन्हं चढल्यावर करतात, हे त्यांनी सांगितलं. सकाळचं काम कापणीचं आणि बगलफुटी काढायचं. दांड्याच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो आणि शेंड्याच्या मुख्य कळीखालचे डोळे आधी फुटतात. ते बारीक असतानाच नखानं बाजूला मोडायचे. दोन दिवस उशीर केला तर तिथे खूण राहते आणि ग्रेडिंगला ती दिसते. मुख्य कळी वाटाण्याएवढी झाली, की तिच्यावर पांढऱ्या जाळीची टोपी चढवतात. टोपीत पाकळ्यांना लगेच बाहेर पसरता येत नाही, कळी उंच आणि घट्ट होत जाते, हाताळताना पाकळ्यांना मारही लागत नाही. उजाडताना ओळीच्या टोकाशी उभं राहिलं, की रंग दिसायच्या आधी या हजारो पांढऱ्या टोप्याच दिसतात.

एक काडी कापतानाही हिशेब असतो. खाली पाच पर्णिका असलेली दोन पानं राखून वर कात्री लावायची, कारण पुढची फूट त्या पानांच्या डोळ्यातून येणार. लांबीच्या लोभानं खाली कापलं तर आजचं फूल साठ सेंटिमीटरचं मिळतं आणि पुढचं चाळीसचं. कापलेली काडी हातात घेऊन फिरायचं नाही, लगेच बादलीतल्या पाण्यात.

आता तारखेबद्दल. सावकाश वाढलेला गुलाब चांगला हे खरं, पण गिऱ्हाइकाला तो एका ठरलेल्या दिवशी हवा असतो. १४ फेब्रुवारीला गुलाब दुकानात असायचा, तर परदेशी जाणारा माल मावळातून २६ जानेवारीच्या आसपास सुटायला लागतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. देशातल्या बाजारांसाठी त्यानंतरचे चार-पाच दिवस. म्हणजे फूल २६ जानेवारीला कापायचं तर सहा-सात आठवडे मागे मोजत जायचं आणि डिसेंबरच्या मध्याला झाडाची छाटणी आणि बेंडिंग उरकायचं. तिथून पुढे झाड आणि आभाळ. डिसेंबरात ढगाळ वातावरण राहिलं, की ऊन मिळत नाही आणि कळी मागे पडते. थंडी पडलीच नाही, तर माल आठवडाभर आधी येतो आणि भाव यायच्या आत संपतो. एक चांगला गुलाब कुणीही काढेल. वीस गुंठ्यांतली हजारो फुलं चांगली, आणि त्याच दहा दिवसांत, हे या धंद्यातलं खरं कसब आहे असं माझं मत झालं.

मग रोज थोडं पुढे-मागे. कळ्या मागे पडतायत असं दिसलं की पडदे लवकर पाडायचे आणि सकाळी उशिरा उचलायचे. पुढे पळायला लागल्या तर दुपारी शेडनेट ओढायची, पडदे रात्रीही उघडे ठेवायचे. एक अंशाचा फरक पडला तरी दोन-तीन आठवड्यांत तो दिवसांत मोजता येतो. दादांच्या फोनमध्ये मला गाण्यांपेक्षा हवामानाचे नकाशे जास्त दिसले. दिवाळीनंतर छतावर चढून प्लास्टिक धुवायचं हेही याच हिशेबातलं. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ आणि धूळ बसते. आखूड दिवसांत आधीच ऊन कमी, त्यातलं मळक्या प्लास्टिकनं खाल्लं तर दांडा बारीक पडणार.

पावसाळा हा मावळातल्या गुलाबाचा वेगळाच छळ. लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-तळेगावपर्यंत येताना तो निम्म्याहून खाली उतरतो, पण पवनेच्या खोऱ्यात भरपूर असतो. तीन-चार महिने ऊन नाही, हवा ओली. डावणी, करपा, कळीवर राखी बुरशी. उन्हाळ्यात उलट. हवा कोरडी झाली की पानांच्या खालून लाल कोळी जाळी विणतो, आणि एकदा का तो सबंध बेडवर पसरला की पानं गळून झाड उघडं पडतं. मग फॉगर लावून धुकं करायचं, तेही बेतानं, कारण जास्त झालं की पुन्हा बुरशी. हा सगळा झोका दोन टोकांमधला आहे आणि मधली जागा फार अरुंद आहे. कृषी खात्याचं अनुदान, बँकेचं कर्ज, तळेगावचं एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क यांमुळे पॉलिहाऊस उभं राहतं. ते चालतं ते रोजच्या या पहाऱ्यावर.

आणि पहाऱ्यानं सगळंच थांबतं असंही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बाजार एका रात्रीत बंद झाले. गुलाबाचं असं, की गिऱ्हाईक नसलं तरी फूल कापावंच लागतं. झाडावर राहिलं तर रोग वाढतो आणि पुढची फूट येत नाही. आप्पा सांगत होते, रोज सकाळी मजुरी देऊन फुलं कापायची आणि बांधावर नेऊन टाकायची. जनावरं सुद्धा काही दिवसांनी तोंड लावेनात. त्यातून उठतायत तोवर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरून घाट चढून आलेल्या वाऱ्यानं मावळातली कितीतरी छपरं फाडली, काही ठिकाणी लोखंडी सांगाडेच पिळून टाकले. यांच्या पॉलिहाऊसचं निम्मं प्लास्टिक गेलं. भिंतीवर त्या वेळचा एक फोटो आहे, पण तो आप्पांनी लावलेला. दादा त्या विषयावर फार बोलले नाहीत, फॉगरच्या नोझलमधला गाळ काढत बसले.

साडेआठपर्यंत कापणी संपली आणि बादल्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या. आत २ ते ४ अंश. कापल्यावर फुलाची ऊब लवकरात लवकर काढून घ्यायची, नाही तर ते आपलं आयुष्य तिथेच खर्चून टाकतं. काही तासांनी बाहेर काढून ग्रेडिंग. ग्रेडिंगचं सगळं वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, हातात होतं. लांब टेबलावर सेंटिमीटरच्या खुणा, ४०, ५०, ६०. वहिनी एकेक काडी उचलून फिरवत होत्या. दांडा वाकडा आहे का, मान सरळ आहे का, पानावर डाग आहे का, कळी किती उघडली. परदेशी मालाला कळी घट्ट हवी, कारण विमानात, गोदामात आणि दुकानात मिळून तिचे बरेच दिवस जाणार. देशातल्या बाजाराला थोडी सुटलेली चालते, किंबहुना तशीच आवडते. वीस-वीस काड्यांचा बंच, कळ्या एका पातळीत, भोवती पन्हळी कागद, खालून दांडे एका कापात सारखे केलेले. त्या काळ्या कडेच्या कळ्या त्यांनी एका नजरेत वेगळ्या काढल्या. मी मुद्दाम शोधूनही मला त्यातल्या दोन दिसल्या नव्हत्या.

"यातलं बाहेर किती जाणार?" मी विचारलं.

"पूर्वी सगळ्यात आधी एक्सपोर्टचं बघायचो," दादा म्हणाले. "आता लग्नसराई व्हॅलेंटाइनच्या अंगावरच येते. दिल्ली, हैदराबाद, मुंबई इथे चांगला भाव मिळतो आणि कटकट कमी. विमानाचं भाडं वाढतच चाललंय. काही जाती लावल्या तर रॉयल्टी भरल्याशिवाय बाहेर पाठवताच येत नाहीत." गुलाबाची जात ही कुणाच्या तरी मालकीची असते, आणि रोप विकत घेतलं तरी पैदासकाराचा हक्क संपत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. टॉप सिक्रेट आणि ताजमहल हे लाल, गोल्ड स्ट्राइक पिवळा, अवलाँश पांढरा. ही नावं बायकांच्या तोंडी इतकी रुळलीत, की "ताजमहलच्या दोन ओळी राहिल्यात गं" असं वाक्य ऐकून मला हसू आलं, तर बाकी कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

भावाचं बोलताना प्लास्टिकच्या फुलांचा विषय निघणारच होता. मावळातल्या शेतकऱ्यांनी त्यांच्यावर बंदीची मागणी लावून धरली आहे. मंडपवाले एकदा घेतात आणि हंगामभर वापरतात. मी हे नेहमी पर्यावरणाच्या बाजूनं ऐकलं होतं. इथे ते सरळ पोटाच्या बाजूनं ऐकायला मिळालं. चौरस मीटरला वर्षाकाठी दीडशे-दोनशे फुलं निघतात, त्यातली मोजकीच व्हॅलेंटाइनची. बाकीची गेली पाहिजेत ती मंडप, हार, बुके, हॉटेल यांत, बाराही महिने. तिथे प्लास्टिक शिरलं की उरलेल्या वर्षाचा आधारच जातो.

निघायची वेळ झाली तरी दादांचा आणि वहिनींचा वाद चालूच होता. पूर्वेकडचे सहा वर्षांचे जुने बेड आता थकलेत. फुटी बारीक येतायत आणि व्हॅलेंटाइन झाला की ते काढायचे हे ठरलंय. बेडची माती नव्यानं भरून जूनच्या आत लावण करायची. प्रश्न फक्त जातीचा. दादांना तिथे पांढरा अवलाँश हवा होता, कारण लग्नाच्या सजावटीत पांढऱ्याला मागणी आहे आणि थंडीत काळी कड पडायची भीती नाही. वहिनी ऐकून घेत होत्या, काड्या फिरवत होत्या.

"काळी कड नाही पडणार," त्या म्हणाल्या, "पण पांढऱ्यावर फुलकिड्याचा डाग दिसतो, बुरशीचा ठिपका दिसतो, बोट लागलं तरी दिसतं. ग्रेडिंगला तुम्ही बसणार असाल तर लावा."